डोळ्यांभोवतीचं कडं

मिरजेत सकाळी साडेसहाला लोक गॅलरीत उभे राहून तोंडं वेडीवाकडी करत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. समोरच्या इमारतीतले निवृत्त तहसीलदार भुवया वरखाली करत. तळमजल्यावरच्या बाई पायाची बोटं एकेक करून दुमडत. शर्वाणी कोरे मान मागे टाकून जीभ टाळूला लावी आणि मनात वीसपर्यंत मोजी. मग सगळे आत जाऊन करड्या रंगाची भाकरी खात.

तिला उसवणीची भाकरी म्हणत. ती येण्याआधी वजन उतरवणाऱ्यांपुढे एक जुनी अडचण होती. कमी खाल्लं की चरबी जळते, पण शरीर तिच्याबरोबर स्नायूही जाळतं. माणूस बारीक होतो आणि अशक्तही. चरबी घालवता घालवता ताकदही कमवायची, तर लागणारी ऊर्जा चरबीतून मिळू शकते. पण नवा स्नायू विणायला नायट्रोजन लागतो आणि चरबीत तो नसतो. भरपूर प्रथिनं खाऊन आणि वजनं उचलून काहींना हे साधे, तेही हळूहळू. जोंधळ्याच्या पिठात मिसळलेल्या एका रेणूने वेगळी वाट काढली. ज्या स्नायूतंतूंचा एकवीस दिवस वापर झाला नाही, ते शरीर उसवू लागे आणि सुटलेला धागा जिथे मेहनत चालू आहे तिथे विणी. जुन्या स्वेटरच्या लोकरीतून नवा करावा, तसं. या क्रियेला उसवण असं नाव पडलं.

रेणूला माणसाची गरज कळत नसे, वापर तेवढा कळे. म्हणून पिठाबरोबर प्रत्येकाला एक हालचालपत्र मिळे. चौसष्ट प्रश्नांचा अर्ज भरला की रोजच्या जगण्यात कोणते स्नायू आपोआप वापरले जातात ते ठरे आणि उरलेल्यांची कवायत पत्रात छापून येई. जिने चढणाऱ्याला पोटऱ्यांची कवायत माफ. गाणाऱ्याला गळ्याची.

शर्वाणी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी. चाळिशीतच तिचे गुडघे बोलू लागले होते. तिला सोबत म्हणून तिच्या नवऱ्यानेही ही भाकरी धरली. राजशेखर वीज कंपनीत अभियंता होता, पण नातेवाइकांत त्याची ओळख नकलांची. साहेबांची फोनवरची अदब, लग्नात पंगतीला आग्रह करणारे मामा, हे सगळे त्याच्या अंगात येत. नवी नक्कल तो आधी शर्वाणीला दाखवी. शरू हसली की पास, असं तो सगळ्यांना सांगे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्याच्या आठवणीत एकही नक्कल नापास झाली नव्हती.

पाच महिन्यांनी दोघं तपासणीला गेले. पीठ देणाऱ्या केंद्रातल्या डॉ. रुक्साना जमादार या रेणूच्या पहिल्या चाचण्यांत होत्या. हालचालपत्राचे प्रश्नही त्यांनीच तयार केलेले. त्यांनी आकडे सांगितले. शर्वाणी एक्क्याऐंशीवरून सहासष्ट किलोवर आली होती आणि तिच्या मांड्यांचे स्नायू पाचव्या हिश्शाने वाढले होते. राजशेखरचे बारा किलो गेले होते. आता भांडण झालं तर मी हिच्या हाताला लागणार नाही अशा अंतरावरूनच बोलणार, असं तो म्हणाला. शर्वाणी हसली.

डॉक्टर तिच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी पडद्यावर तिच्या चेहऱ्याच्या स्नायूंची छबी मोठी केली आणि विचारलं, "अकराव्या नंबरची कवायत तुम्ही करत नाही का?"

"माझ्या पत्रात अकरावी नाहीच."

डॉक्टरांनी बोटाने पडद्यावर गोल काढला. प्रत्येक डोळ्याभोवती स्नायूचं एक कडं असतं. त्याचा आतला भाग पापणी मिटतो, त्याला दिवसभर काम. बाहेरचा भाग मात्र क्वचितच चालतो. पूर्वी उन्हात डोळे बारीक करताना तो वापरला जाई, पण आता चष्म्याच्या काचा आपोआप काळ्या होतात. राहता राहिलं हुंदके देऊन रडणं आणि मनापासून हसणं. एरवीचं हसू गालाच्या स्नायूवर भागतं.

"तुमचं बाहेरचं कडं गेलेलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गालाचा स्नायू छान आहे. सरासरीपेक्षा जाडच."

राजशेखरने छबी दुसऱ्या कोणाची तर नाही ना, असं विचारलं. नाव पाहिलं. मग तो म्हणाला, "डॉक्टर, ही दिवसभर हसते. आत्ता तुमच्यासमोर हसली."

"हसल्या. मी पाहिलं."

त्याचा आवाज चढला. एवढी महत्त्वाची कवायत पत्रातून गाळली कोणी, केंद्राला काही जबाबदारी आहे की नाही, असं तो बोलत राहिला. डॉक्टरांनी शर्वाणीचा अर्ज उघडला. सत्तेचाळिसावा प्रश्न होता: रोज निदान एकदा मनापासून हसता का? उत्तरावर 'हो' अशी खूण होती. शेजारच्या शेऱ्याच्या जागेत लिहिलं होतं, 'मग नवरा कशासाठी आहे?'

अक्षर राजशेखरचं होतं. घरातले सगळे अर्ज तोच भरी. शर्वाणी शेवटी सही करी.

डॉक्टर म्हणाल्या की अशी बरीच घरं आहेत, एकाने दोघांचे अर्ज भरायचे. पुढच्या खेपेपासून प्रत्येकाला वेगळं बसवणार आहोत. त्या राजशेखरशी बोलत होत्या, पण त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

"परत येईल का ते?" शर्वाणीने विचारलं.

"मांडीतला स्नायू आला असता. तिथे थोडे तंतू नेहमी उरतात, त्यांच्यावरून पुढे विणता येतं. हे कडं मुळातच कागदासारखं पातळ असतं." डॉक्टरांनी छबी बंद केली. "पहिला टाका घालायला काही उरलेलं नाही."

राजशेखरने आपलं काय, असं विचारलं. त्याचं कडं शाबूत होतं. आपल्या नकलांना तो स्वतःच सर्वांत जास्त हसे.

घरी आल्यावर त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि केव्हापासून, एवढंच विचारलं. तिला तारीख सांगता येईना. ती म्हणाली की माझी मलाही कल्पना नव्हती, मला हसल्यासारखंच वाटायचं. गाल दुखायचे, आवाज यायचा, समोरच्याला बरं वाटायचं. यात काय कमी आहे हे तपासायची कधी वेळ आली नाही.

मग तो एकेक प्रसंग काढू लागला. तिच्या भावाच्या लग्नात त्याने मामांची नक्कल केली तेव्हा ती खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. तेही खोटं का?

"ते पाच महिन्यांच्या आधीचं आहे," शर्वाणी म्हणाली. "त्याबद्दल छबी काही सांगत नाही."

"मी तुला विचारतोय, छबीला नाही."

तिने खरंच आठवून पाहिलं. तो मांडव आठवला, मामा आठवले, स्वतःचं हसणं मात्र बाहेरूनच आठवलं, फोटोत दिसावं तसं. तिने तसं सांगितलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं, असं तिला नंतर वाटलं.

"चौदा वर्षं तू मला नाचवलंस," तो म्हणाला. "एकदा सांगायचं होतंस."

"मी सांभाळत होते तुला. आणि तू तरी कुठे विचारलंस? सही करताना ते उत्तर मी वाचलं होतं. खोडायला पेन टेकवलंही. मग तू बाजूला काय लिहिलंयस ते पाहिलं, आणि राहू दिलं."

तो उठून आतल्या खोलीत गेला. शर्वाणी तिथेच बसून राहिली. जे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं, ते तिच्या शरीराने तिच्या नकळत मोडून मांड्यांत भरलं होतं. कोणी कोणाला फसवलं याची तिला नीट मांडणी करता येईना.

दोघांनीही ती भाकरी सोडली. राजशेखरने नकला सोडल्या. तो वाईट वागत नव्हता. चहा करून आणी, गुडघे कसे आहेत विचारी. बोलताना नजर मात्र तिच्या हनुवटीवर ठेवी.

दीड महिन्याने एका रविवारी सकाळी इमारतीचं पाणी गेलं आणि लिफ्टही बंद पडली. दोघं खालून वीस लिटरचे जार आणायला गेले. राजशेखरने दोन्ही हातांत एकेक जार घेतला आणि न थांबता तीन मजले चढला. शर्वाणी मागून तिसरा घेऊन येत होती. शेवटच्या वळणावर त्याचा पायजमा घसरू लागला. बारा किलो आधीचा पायजमा होता. हात मोकळे नव्हते आणि पायऱ्यांवर जार ठेवता येईनात, म्हणून तो गुडघे जोडून दोन पायऱ्या बदकासारखा चढला. तेवढ्यात शेजारच्या ऐनापुरे काकूंनी कचरा ठेवायला दार उघडलं. पायजमा घोट्यांवर आला. राजशेखर पहिलवानासारखे दोन्ही दंड ताणून उभा होता.

"पाणी आलं वाटतं," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

शर्वाणी जार भिंतीशी टेकवून पायरीवरच बसली. हसू तिच्या पोटातून आलं आणि तिला आवरेना. बरगड्या दुखू लागल्या, श्वास अडला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते थांबवावं असं तिला वाटलं तरी थांबत नव्हतं, आणि त्या न थांबण्यानेच तिला कळलं की हे कोणासाठीही नाही.

राजशेखरने वरच्या सपाटीवर जार ठेवले, पायजमा ओढून घेतला आणि खाली येऊन तिच्या पुढ्यात बसला. कित्येक दिवसांनी त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. गाल वर चढले होते, ओठ थरथरत होते. डोळ्यांभोवतीची कातडी इस्त्री केल्यासारखी सपाट होती.

"खरं हसतेय मी," ती धापा टाकत म्हणाली. "शेखर, खरं."

"हो गं, दिसतंय की," तो म्हणाला आणि हसला.

त्याचे गाल वर गेले. डोळ्यांभोवतीचं कडं जागचं हललं नाही. त्याचं अजून शाबूत होतं, त्यामुळे ते न हलण्याचा अर्थ तिला स्वच्छ कळला.