वेड्यावाकड्या रेघांची पंधरा मिनिटं

माझा हात पुन्हा ॲप्रनच्या खिशाकडे गेला आणि समोरच्या बाकावरचा तो हसला.

"चौथ्यांदा," तो म्हणाला. "मोबाईल शोधताय ना? तो गेटवरच्या पेटीत हाय. आता संध्याकाळीच भेटंल."

मी ओशाळले. द्राक्षांच्या पॅकहाउसमधला माझा तो तिसराच दिवस. नाशिकहून कंपनीच्या बसने चांदोरीपर्यंत यायचं, गेटवर फोन जमा करायचा, डोक्यावर जाळीची टोपी चढवायची आणि निर्यातीच्या डब्यांतले घड तपासायचे. अकराला चहाची सुट्टी, पंधरा मिनिटं. फोनशिवाय त्या पंधरा मिनिटांचं करायचं काय, हेच मला कळत नव्हतं.

त्याने खोक्यांच्या लेबलांचा एक वाया गेलेला कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. कानामागची पेन्सिल काढून दिली. "एक रेघ मारा. कशीबी. डोळे मिटून मारली तरी चालंल."

"मला चित्र काढता येत नाही."

"मग तर लय भारी. मलाबी येत नाय."

मी एक वाकडीतिकडी रेघ मारली. त्याने मान तिरकी करून ती न्याहाळली, मग तिला चार पाय जोडले, शेपूट जोडलं आणि वर जाळीची टोपी घातली.

"ही काय... शेळी?"

"हळू बोला. सिंधुबाई हाय."

द्राक्षं निवडणाऱ्या बायकांच्या प्रमुख सिंधुबाई मागच्याच बाकावर चहा पीत होत्या. "काय रं महेश, माझं नाव का घेतलं?" त्यांनी दरडावलं, आणि मी हसता हसता अर्धा चहा सांडला.

महेश सायखेड्याचा. पॅकहाउसमधली थंडाव्याची मशिनं तोच सांभाळायचा. दिवसभर गार खोल्यांत राहून त्याची बोटं कायम थंडगार असायची... पेन्सिल देता-घेता मला ते कळायचं. कळण्यासाठी मी ती जरा सावकाशच घ्यायचे, हे मात्र त्याला कळू दिलं नाही.

रोज अकरा वाजता एक कागद. रेघ एकाची, चित्र दुसऱ्याचं. खोडायचं नाही, आणि चांगलं तर मुळीच काढायचं नाही. "चांगलं काढाया गेलं की माणूस घाबरतंय," तो म्हणायचा. माझ्या रेघांचे उंट झाले, सुपरवायझर झाले, डुलक्या काढणारी एसटी झाली. एकदा त्याने नुसता गोल काढून दिला. मी त्याला दोन डोळे आणि दाट मिशी लावली.

"हा कोण?"

"ओळखा."

त्याने स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं. "इतका गोल हाय मी?"

"थोडा."

फेब्रुवारीत एकदा रेघ मारता मारता मी बोलून गेले, "गेल्या वर्षी माझा साखरपुडा झाला होता. तीन महिन्यांनी त्याने मोडला. मेसेज करून. दोन ओळी, खाली जोडलेले हात. तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा येतो. आणि नाही वाजला तरी बघत बसते."

महेश हळहळला नाही, की समजूत काढली नाही. कोरा कागद पुढे केला. "काढा त्याला."

"कसा?"

"जमंल तसा."

मी शेरवानी घातलेला दुधीभोपळा काढला. महेशने तो गंभीरपणे पाहिला. "नाक ऱ्हायलं."

मी नाक काढलं. इतकं मोठं, की ते कागदाबाहेर गेलं. त्या संध्याकाळी नाशिक येईपर्यंत बसमध्ये मी फोन उघडलाच नाही. खिडकीतून नुसती बाहेर बघत राहिले... आणि बरं वाटत राहिलं.

मार्च संपत आला. हंगामाचे शेवटचे कंटेनर भरायला लागले. महेश नंबर मागेल, म्हणून मी रोज वाट बघत होते. तो मागत नव्हता. शेवटी मीच म्हणाले, "रविवारी मला बघायला येणार आहेत. आईने ठरवलंय."

त्याची पेन्सिल थांबली. "चांगलं हाय," तो म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सिंधुबाई जवळ येऊन म्हणाल्या, "विंचूरला नव्या कोल्ड स्टोरेजचं काम घेतलंय त्यानं. आता पुढल्या हंगामालाच यील. नंबर हाय माझ्याकडं. देऊ?"

हो म्हणणारच होते. पण एकाने जे दोन ओळींत मोडलं, ते मला दोन ओळींत जोडायचं नव्हतं.

"नको मावशी. पत्ता द्या."

शनिवारी हंगामाचा शेवटचा दिवस, काम दुपारीच आटोपलं. मी येवल्याची एसटी पकडून विंचूरला उतरले. भर उन्हात, कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेशेजारून चालत गेले. महेश शिडीवर होता, हात ग्रीसने काळे. मला बघून तो अर्ध्यातच थांबला.

"तुम्ही? काय झालं? फोन तरी..."

"नंबर मागितलात कधी?"

तो खाली उतरला. "तीनदा मागणार व्हतो. पण तुम्हीच म्हनला, फोन वाजला की पोटात गोळा येतो. म्हटलं, आपल्यामुळं कशाला?"

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. "आणि 'चांगलं हाय' म्हणालात, ते?"

"दुसरं काय म्हननार? मी आयटीआय, तुम्ही एमएस्सी..."

"बीएस्सी."

"तेच ते."

"महेश, मला तुम्ही आवडता." एका दमात बोलून टाकलं, नाहीतर बोललेच नसते.

तो काळे हात मागे धरून उभा राहिला. "मला तर... लय दिवसांपासून," तो हळूच म्हणाला. मग एकदम, "अन् उद्याची माणसं?"

"येणार नाहीत. आईला सकाळीच सांगितलं."

"काय म्हनल्या?"

"आधी रागावली. मग म्हणाली, मुलगा दाखव."

मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते.

"मग उद्या ये घरी," मी म्हणाले.

'या' नाही, 'ये'. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला कळलंच नाही. त्याला मात्र बरोब्बर ऐकू आलं होतं... त्याचे कान लाल झाले.

"येतो," तो म्हणाला. "तू थांब... हात धुऊन येतो, फाट्यापर्यंत सोडतो."