राखणदार लढाईवरून परत आला

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी आत्ताच दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं. मला कुणाची समजूत काढायची नाही. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातलं निम्मं मी स्वतः भोगलंय.

आणखी एक सांगतो. यात अमावस्या नाही, स्मशान नाही. जे झालं ते गेल्या वर्षी, भातकापणी संपल्यावर, भर दुपारी झालं.

लख्ख ऊन होतं.

मी प्रज्योत. रामनगरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझं आजोळ जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याच्या पुढे, दिग्गीच्या अंगाला. जंगलातली छोटी वाडी. नाव लिहीत नाही, उगाच लोक बघायला जातील. चार घरं इकडे, चार तिकडे, मधे भाताची शेतं. बाहेर पडायला वाट एकच. ती जिथे जंगलात शिरते तिथे एक उभा दगड आहे. तीच आमची वेस.

त्या दगडापाशी आमचा राखणदार राहतो.

म्हणजे राहायचा.

राखणदार म्हणजे सीमा सांभाळणारा. रानात कुणी चुकलं की तो पुढे चालायचा. दिसायचा नाही. काठीचे घुंगरू वाजायचे, विडीचा वास यायचा, आणि त्या मागोमाग गेलं की माणूस बरोबर आपल्या दारात. दरवर्षी वाडीकडून त्याला रोट, विडी आणि चामड्याच्या नव्या वहाणा जायच्या. वर्षभराने बघावं तर वहाणांचे तळ झिजलेले असायचे. माझ्या आईने ते डोळ्यांनी पाहिलंय.

लांब जाणारा माणूस वेशीवर नारळ ठेवतो आणि म्हणतो, "घर सांभाळ, येतो."

म्हादूमामाने उलटं केलं.

मामा फौजेत होता. पोरसवदा असताना त्याची पलटण समुद्रापलीकडच्या देशात लढायला गेली. कुठला देश, ते मामाने लिहू नको म्हणून सांगितलंय. निघायच्या आधी रजेवर आला होता. घाबरला होता. दगडाखालची मूठभर माती त्याने फडक्यात बांधली आणि म्हणाला, "चल माझ्यासंगट. तिकडं मला राख."

मामा धडधाकट परत आला. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

फडकं मात्र तिकडेच राहिलं. चौकीजवळच्या झाडाला बांधलं होतं, निघायचा हुकूम अचानक आला आणि तो विसरला.

तेव्हापासून वेशीवर घुंगरू वाजले नाहीत. गुरं रानात गेली की परत येईनात. मधाला गेलेला एक माणूस चुकला तो सापडलाच नाही. वहाणा ठेवायचे तशा कोऱ्याच राहायच्या, वाळवी खायची त्यांना.

आणि मामा दर पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण ठोकायचा. छातीवर पदकं लावून. "आम्ही तिकडं लढलो म्हणून तुम्ही हितं मोकळं फिरताय." पोरं टाळ्या वाजवायची. माझं डोकं फिरायचं. मोकळं? या वाडीतलं माणूस अंधार पडल्यावर शेजारच्या घरी जायला घाबरत होतं, ते कुणामुळे?

एका वर्षी झिलूआजोबा भर सभेत उठले. वाडीच्या देवकार्याचा मान त्यांच्या घराकडे आहे, त्यामुळे त्यांना गप्प बस म्हणायची कुणाची छाती नाही.

"म्हादू, हितं कोण चालून येणार हुतं रं? ह्या रानात? अस्वलं?"

"आग तिकडंच इझवाय लागत्या, आजा. न्हाईतर ती घरापत्तोर येत्या."

"आग काय आली न्हाई. आमचा राखण्या तेवढा गेला. आपल्या घरचा राखण्या उचललास आनि परक्याच्या दारात नेऊन हुबा केलास तू."

मामा खाली बसला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

गेल्या वर्षी त्या देशात जुन्या फौजींसाठी आठवणीचा कार्यक्रम होता. मामाला बोलावणं आलं. झिलूआजोबांनी निरोप धाडला. "त्याला घिऊन ये. न्हाईतर वाडीत पाय ठेवू नको."

मामा गेला. चौकी केव्हाच पाडली होती, पण झाड होतं. फडकं कधीच कुजून मातीत गेलं होतं. मामाने झाडाच्या बुंध्याची मूठभर माती आणली आणि दगडाखाली घातली. नारळ फुटला. नव्या वहाणा ठेवल्या.

"आला बाबा घरला," झिलूआजोबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी वहाणा झुडपात फेकलेल्या सापडल्या.

आणि दगडाभोवतीच्या धुळीत ठसे होते...

बुटांचे.

जाड, खाचांच्या तळाचे फौजी बूट. दगडाला फेरी मारणारे. बाहेरून आलेले नाहीत, बाहेर गेलेलेही नाहीत.

कुत्री त्या बाजूला जायची बंद झाली. मग परशूची गोष्ट झाली. परशू मामाचा शेजारी. दुपारी लाकडाची मोळी घेऊन रानातून येत होता. घरी पोचला तेव्हा डोक्यावर मोळी नव्हती.

दोन्ही हात मात्र डोक्यावर होते. बोटं एकमेकांत अडकवलेली.

बायकोने विचारलं, तर तो नुसता रडत होता. चार माणसांनी ओढूनही हात खाली येईनात. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आपोआप सुटले. गुडघे सोलून निघाले होते. "कुनीतरी गुडघ्यावर बसिवलं मला," एवढंच तो बोलला. "दिसलं कायच न्हाई."

आता नेत्रा. मामाची एकुलती एक मुलगी. वाडीतून नर्सिंग शिकलेली पहिली पोर. बेळगावच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. केशरमामीने तिच्यासाठी डबे भरले होते, नवी बॅग आणली होती.

नेत्रा सकाळच्या बससाठी एकटी निघाली.

थोड्या वेळाने परत आली. बॅग रिकामी. पांढरीफटक पडली होती.

आम्ही वेशीवर गेलो. तिचे सगळे कपडे वाटेवर मांडलेले होते. एकेक सुटा, घड्या उलगडलेल्या. डब्यांची झाकणं उघडी. चिवडा धुळीत ओतून चाळल्यासारखा पसरलेला. काहीही चोरीला गेलं नव्हतं.

"कायतरी बोलत हुतं, आप्पा," नेत्रा मामाला म्हणाली. "कानाजवळ. आपली भाषा न्हाई." आणि तिने ते शब्द म्हणून दाखवले.

मामाचा चेहरा उतरला.

मामीने खोदून विचारलं तेव्हा तो बोलला. तिकडच्या गावांत घराघरांची झडती घेताना हेच शब्द वापरायचे. फौजींना तेवढेच पाठ करून घेतलेले. थांब. हात वर. सामान उघड.

"तुमी बी असंच करत हुता?" मामीने विचारलं. "लोकांच्या पोरींच्या पिशव्या?"

मामा नेत्राच्या बॅगेतली धूळ झटकत राहिला.

झिलूआजोबा ओसरीवर येऊन बसले होते. कितीतरी वर्षांनी त्या घरात. ते म्हणाले, "राखण्याचा काय दोष न्हाई. जन्मभर चुकल्याल्यास्नी घरी आनत हुता. तुमी त्याला हे शिकिवलं. आता त्याला घर आनि परमुलूख वळखूच येत न्हाई."

पूजेला आलेला मी अजून मामाकडेच होतो. रविवारी दुपारी मी बाईक काढली. म्हटलं, वेगात काढू. नेत्राला मागे बसवलं, बॅग मधे घेतली. मामा म्हणाला, "मी वेशीपत्तोर चालत येतो." मला त्याचा राग आला होता. मी वळूनही बघितलं नाही.

दगड दिसायला लागला. मी ॲक्सिलेटर पिळला.

बाईक बंद पडली.

दगडाच्या अगदी समोर.

आम्ही दोघं उतरलो, बॅग सीटवरच राहिली. मी किक मारली. काहीच नाही. मग माझ्या लक्षात आलं... किरकिऱ्यांचा आवाज थांबलाय. पाखरं गप्प. पान हलत नव्हतं. आमच्या रानात असं कधीच होत नाही.

खाड...

खाड...

खडीवर बूट वाजले. समोर कुणीच नव्हतं. वाळलेली पानं मात्र एकेक करून दबत होती. आमच्या दिशेने.

"दादा," नेत्रा कुजबुजली, "हेच... हेच हुतं."

सीटवरची बॅग कुणीतरी हळूच ओढून घेतली. ती वाटेवर पडली. चेन सरकायला लागली. सावकाश, दात दात मोजत सरकावी तशी.

आणि माझ्या पाठीला काहीतरी टेकलं.

गोल. थंड.

कानाशी ते शब्द आले. मला अर्थ माहीत होता. माझे हात आपोआप वर गेले. लाज वाटली, पण गेले. नेत्राचेही वर होते. ती आपल्याच गावच्या वेशीवर, आपल्या आज्याच्या आणि बापाच्या राखणदारासमोर हात वर करून उभी होती आणि तिचे कपडे एकेक करून धुळीत पडत होते.

मागून मामा धावत आला.

"आरं, ह्यो आपला गाव हाय!" तो ओरडला. "ही आपली पोरं हाईत! मी म्हादू! मीच नेलतं तुला!"

पाठीवरचा दाब वाढला.

मामा हात जोडून गयावया करत होता. नारळ देतो म्हणाला, कोंबडा देतो म्हणाला. काही उपयोग झाला नाही. तो दाब इतका वाढला की मला श्वास घेता येईना.

मग मामाने जोडलेले हात सोडले.

त्याने अंगातला सदरा नीट केला. पाय जुळवले. सावधान उभा राहिला आणि कडक सलाम ठोकला. आवाज पार बदलला होता.

"संतरी, बदली आली. तुझी ड्यूटी खलास. आता हितं मी हाय. तू मोकळा."

किती वेळ गेला माहीत नाही.

पाठीवरचा दाब गेला.

पानं दबायला लागली. दगडापासून लांब, रानात, खाली नदीच्या बाजूला. बुटांचा आवाज लांब लांब गेला. मग किरकिऱ्या एकदम सुरू झाल्या.

"जावा," मामा म्हणाला. आमच्याकडे न बघता.

"आप्पा, चला तुमीबी घरी," नेत्रा रडत म्हणाली.

"जा म्हटलं न्हवं."

बाईक पहिल्या किकला सुरू झाली. नेत्रा सोमवारी वेळेवर हजर झाली.

मामा तिथेच उभा राहिला.

सुरुवातीला जेवायला घरी यायचा. मग ते बंद झालं. मामी डबा नेते, दगडाजवळ ठेवते आणि मागे सरकते. तो जेवतो, पण बोलत नाही. आम्ही डॉक्टर आणला, कारवारहून एक जाणता माणूस आणला, चार जणांनी उचलून घरी आणलं. पहाटे पुन्हा वेशीवर. झिलूआजोबा आता काहीच सांगत नाहीत. विचारलं की हात हलवतात आणि आत जातात.

यंदा दिवाळीला नेत्रा पहिल्यांदा रजेवर आली. मी बस थांब्यावर घ्यायला गेलो होतो. मामासाठी तिने पहिल्या पगारातून स्वेटर आणला होता. वाटभर तेच बोलत होती, मापाला होईल ना, रंग आवडेल ना.

वेशीवर मामा आडवा आला. हातात काहीच नाही, पण हात बंदूक धरल्यासारखे.

"आप्पा, मी नेत्रा," ती म्हणाली.

मामाने तिच्याकडे बघितलं. अगदी नीट, बराच वेळ बघितलं.

आणि त्या भाषेत तेच शब्द बोलला.

नेत्राने हात वर केले. मामाने तिची बॅग उघडली. कपडे एकेक करून वाटेवर मांडले. स्वेटरच्या बाह्या चाचपल्या, आतून उलटा केला, धुळीत टाकला. मग मान हलवली आणि बस थांब्याकडे बोट दाखवलं. मी मधे पडलो तर माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकलो.

ती रामनगरहून संध्याकाळच्या बसने बेळगावला परत गेली. दिवाळी तिने हॉस्टेलवर काढली.

रोज तिचा फोन येतो. "दादा, आप्पानं आज कुनाला वळखलं का?"

मी सांगतो, "व्हय, हळूहळू वळखाय लागलाय."

मामीला औषध द्यायला मी आठवड्याला वाडीवर जातो. वेशीच्या अलीकडे बाईक बंद करतो, पिशवी उघडून जमिनीवर ठेवतो आणि हात वर करून उभा राहतो. मामा पिशवी तपासतो. तो मान हलवेपर्यंत मी त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही.