घटक एक

यंत्राला म्हातारपण नसतं, असं म्हणणारा माणूस बहुधा यंत्र विकायला आलेला असतो. डॉ. उल्का पाटसकरांनी आपल्या नवऱ्याच्या मानेत बसवलेला श्वासकारक पंधरा वर्षांत म्हातारा झाला होता, आणि आज संध्याकाळी त्याचा परवाना संपत होता.

अपघातानंतर विश्रामचा श्वास तो चिमुकला संगणक चालवत होता. त्याचा आवाजही तोच काढत होता. पण जुन्या कार्यप्रणालीत घुसखोर शिरू लागले, तेव्हा सरकारने नियम केला: नवी आवृत्ती चढवा, नाहीतर यंत्र आपोआप बंद होईल. नवा श्वासकारक बसवण्याइतकी ताकद विश्रामच्या अंगात उरली नव्हती. जुन्यावरच नवी आवृत्ती चालते का, एवढंच पाहायचं होतं.

प्रयोगशाळेत विश्रामला जोडलेल्या पात्रता-परीक्षक प्रणालीने निकाल दिला: ‘घटक एक अपात्र. जागा अपुरी.’

“अंदाज होताच,” उल्का म्हणाल्या. “जागा करू.”

“जरा थांबा,” त्यांचे ज्येष्ठ सहकारी डॉ. जहागीरदार म्हणाले. “ही आवृत्ती एकट्या यंत्रावर चालत नाही. थोडी गणना ती रुग्णाच्या मेंदूकडून उसनी घेते. म्हणून तर ती इतकी हलकी आहे.”

“मेंदू आहेच हो. रडतंय ते माझं यंत्र.”

त्यांनी यंत्रातली झोपेची नोंद काढून टाकली, तापाची सूचना काढून टाकली. निकाल हलला नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथे काड्याही संपत आल्या होत्या. राहिली होती फक्त वाणी.

“विश्राम, तुझा आवाज काढून टाकावा लागेल,” उल्का म्हणाल्या. “जुन्या आवृत्तीवर काहीही पुन्हा चढवायला बंदी आहे. नवी बसली, तर तिच्याबरोबर नवा आवाज मिळेल.”

“आणि नाही बसली तर?” त्याने विचारलं.

“बसेल रे.”

“काढ मग. नाहीतरी पंधरा वर्षं तूच बोलतेयस.”

उल्का हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग त्यांनी आवाज काढून टाकला.

परीक्षक पुन्हा चालला. ‘घटक एक अपात्र. जागा अपुरी.’

जहागीरदारांनी अहवाल शेवटपर्यंत उघडला. त्याआधी कोणी तो उघडलाच नव्हता. आपल्या हातच्या यंत्राचा अहवाल कोण वाचत बसतो?

“उल्काताई, यंत्र घटक दोन आहे. ते सकाळपासून पात्र आहे.”

“असं कसं? घटक एक म्हणजे यंत्र. आपण कायम तसंच मोजतो.”

“आपण मोजतो. ही आवृत्ती ज्यांनी लिहिली, ते मेंदूपासून मोजतात. अपघाताने आणि वयाने विश्रामच्या मेंदूत उसनं द्यायला मोकळं पेशीजाल उरलेलं नाही. आग रामेश्वरी आणि आपला बंब सोमेश्वरी.”

उल्का खुर्चीत बसल्या. स्वतःचा इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. पण खिडकीतलं ऊन उतरत होतं, आणि रागावत बसायला वेळ नव्हता.

“मेंदूत जागा करता येते?”

“येते. तो एकच अवयव हलवू शकतो, डावा हात. तेवढी हालचाल त्याने कायमची सोडली, तर ते पेशीजाल मोकळं होईल. पुरेल.”

“मग करा ना.”

“यंत्रातलं काहीही आपण काढू शकतो. मेंदूला हात लावायला रुग्णाची संमती लागते.” जहागीरदारांचा आवाज खाली गेला. “बोललेली संमती. घुसखोरांनी रुग्णांचे हात आणि माना हलवून होकार उकळले होते, म्हणून खुणा बाद केल्या. नोंदलेल्या आवाजावर ओळखमुद्रा असते. तेवढाच चालतो.”

उल्कांनी जतन केलेला आवाज परत चढवून पाहिला. यंत्राने नाकारला. त्यांनी मंत्रालयाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन लावला. तिथलं यंत्र त्यांना रांगेत थांबायला सांगत राहिलं. उल्का त्या फोनलाच हात जोडत होत्या.

विश्रामने सगळं ऐकलं होतं. जहागीरदारांनी परीक्षकाचं संमतीचं पान उघडलं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

“मेंदूतील जागा मोकळी करायची आहे,” परीक्षक म्हणाला. “होकार असल्यास रुग्णाने बोलावे.”

विश्रामने डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

“आवाज ऐकू आला नाही,” परीक्षक म्हणाला. “कृपया पुन्हा बोलावे.”