बाळंतिणीच्या चुलीतला विस्तव

हे घडलेलं आहे. आमच्याच घरात घडलेलं आहे. भुताची गोष्ट म्हटली की लोक चवीनं ऐकतात, पण ही सांगताना आमच्या घरातल्यांच्या माना खाली जातात. तरी सांगतो.

माझ्या आज्जीची धाकटी बहीण गोजाबाई. तिच्यावर गुदरलेला हा प्रसंग.

साल चौतीस. पौषातली सांज. जागा, टेंभुर्णीच्या पलीकडं भीमेच्या काठावरचं बाभूळबन.

गोजाबाईच्या सासरची माणसं मेंढरं घेऊन दरसाल तिथं तळ टाकायची. काठ्यांवर घोंगडं ताणलं की झालं घर. तीन धोंडे मांडले की झाली चूल. मेंढरांभोवती जाळं लावायचं आणि नदीचं पाणी प्यायचं. त्या साली तळावर गोजाबाई, तिचा नवरा धुळा आणि सासू केराबाई एवढीच माणसं होती.

आणि घोंगड्याच्या आडोशाला गोजाबाईचं नुकतंच जन्मलेलं पोर. आधीची दोन तिच्या हाती लागली नव्हती. त्यामुळं या पोरावरनं तिची नजर हलत नव्हती.

त्या दिवशी धुळा टेंभुर्णीला मीठ-मिरची आणायला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होता. केराबाई चुकलेली मेंढी हुडकायला नदीच्या खालच्या अंगाला निघाली. जाता जाता तिनं सुनेला बजावलं.

“गोजे, दिवं लागल्यावर कुनी काय मागाय आलं तर द्यायचं न्हाई. इस्तू तर मुळीच न्हाई. बाळंतिणीचा इस्तू भाईर गेला की लेकराची ऊब जाती.”

“व्हय, आत्याबाई.”

दिवस बुडाला. नदीवरनं गारठा वर चढायला लागला. गोजाबाईनं चुलीत बाभळीची लाकडं सारली.

आणि मग...

मेंढरं गप्प झाली.

मेंढरांचा तळ कधी गप्प नसतो. कुणी खोकतं, कुणी शिंकतं, कोकरू आईला हाका मारतं. ते सगळं एकदम थांबलं. राखणीचं दांडगं कुत्रं शेपूट पायात घालून गोजाबाईला येऊन चिकटलं.

भुंकलं नाही.

जाळ्याच्या पलीकडं कुणीतरी उभं होतं...

बाई होती. गोजाबाईच्याच वयाची. अंगावर विटकं लुगडं. छातीशी फडक्यात गुंडाळलेलं लेकरू.

“बाई, इस्तू दे की जरा.”

आवाज अगदी साधा होता, दमलेला.

“कुटनं आलीस?” गोजाबाईनं विचारलं.

“हितंच वरच्या अंगाला हाय मी. चूल मांडलीया. काटक्याबी हायत. पेटवाय काय न्हाई. लेकरू गार पडलंय गं.”

गोजाबाईनं फडक्याकडं पाहिलं.

फडकं हलत नव्हतं...

एक निखारा द्यायचा, त्यात काय मोठं! खापरात घालून द्यायला किती वेळ लागतो? पण आतून तिचं पोर कुरकुरलं, आणि तिला सासूचे शब्द आठवले. सरळ नाही म्हणायलाही तिची जीभ रेटेना. मग ती खोटं बोलली.

“चूल इजलीया माजी.”

तिच्या पाठीशी जाळ हातभर वर उठला होता. त्याच उजेडात तर त्या बाईचं तोंड दिसत होतं!

बाईनं जाळाकडं पाहिलं. मग गोजाबाईकडं पाहिलं. रागावली नाही. शिव्याशाप दिले नाहीत.

“व्हय का,” एवढंच म्हणाली.

वळली आणि बाभळींत शिरली. खाली सगळा वाळका पाचोळा होता.

तो वाजला नाही...

मेंढरं पुन्हा खोकायला लागली. गोजाबाईनं आत धाव घेऊन पोराला उचललं. पोर उबदार होतं, पोटाशी घेताच प्यायला लागलं. तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की केराबाई मेंढी घेऊन परत येईपर्यंत ती चुलीकडं पाठ करून बसली.

सकाळी धुळा आला. गोजाबाईनं हट्टच धरला, त्या बाईला बघून येऊ. पोराला घेऊन तिघंही निघाली.

वरच्या अंगाला खरंच तीन धोंड्यांची चूल होती. आत काटक्या नीट रचलेल्या. राख मात्र नव्हती.

शेजारी ताज्या मातीचा ढीग होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर काटेरी फांद्या टाकलेल्या.

खाली नावाडी नाव बांधत होता. धुळानं त्याला विचारलं.

“ती व्हय? पालावरची बाई. बाळंत झाली म्हनून मागं ऱ्हायली. गारठ्यानं गेली लेकरासकट. आमीच मूठमाती दिली परवा.”

केराबाईनं सुनेच्या तोंडावरनं हात ओवाळले, कानशिलावर बोटं मोडली.

“लई शहानी गं माजी सून! इस्तू दिला असतास तर आज आपलं पोर न्हवतं.”

धुळा वाकून चुलीला हात लावत होता. दव मरणाचं पडलं होतं. धोंडे ओले, गवत ओलं, मातीचा ढीगसुद्धा ओला.

काटक्या कोरड्या होत्या...

त्यानं झटकन हात मागं घेतला. गोजाबाईला ते दिसलं.

पोर जगलं, चांगलं धट्टंकट्टं झालं. पुढं मोडनिंब असो की वैराग, जिथं तळ पडेल तिथं केराबाई ही हकीकत रंगवून सांगायची. बायका गोजाबाईकडं कौतुकानं बघायच्या. गोजाबाई पदराचं टोक पिळत बसायची. एकदा मात्र भर बायकांत ती बोलली.

“आत्याबाई, ती मेलीया हे मला कुटं ठावं हुतं? माज्या लेखी ती जितीच हुती. मी जित्या बाईला न्हाई म्हनलं.”

त्यानंतर केराबाईनं ती हकीकत पुन्हा सांगितली नाही.

बाभूळबनातल्या त्या सांजेनंतर रोज दिवेलागणीला गोजाबाई खापरात निखारे घालून तळाबाहेर ठेवायची. पोर लहान होतं तोवर सासू ओरडायची, तरी ठेवायची. सकाळी खापरात राख असायची. वर्षानुवर्षं हेच चाललं.

वैरागजवळच्या तळावर एका सकाळी खापर रिकामं दिसलं. राखेचा कणही नव्हता. वारं नव्हतं. कुत्रं भुंकलं नव्हतं...

माझी आज्जी तेव्हा बहिणीला भेटायला गेली होती. तिला वाटलं, चला, बहीण सुटली एकदाची. पण गोजाबाई खापर मांडीवर घेऊन ढसाढसा रडत होती.

“अगं, नेला न्हवं का तिनं? मग आता रडतीस कशापायी?” आज्जीनं विचारलं.

“न मागताच नेला गं,” गोजाबाई म्हणाली. “माज्याकडं मागायचंच सोडलं तिनं.”