दिवसेंदिवस फुगणारे फर्मे

"हे टेबल शनिवारी इथून हलणार," काका म्हणाले, आणि आजोबांच्या कामाच्या टेबलावर खडूने भलीमोठी फुली मारून मोकळे झाले.

भिंगरी कारखान्याच्या खिडकीत बसली होती. बसली होती म्हणजे तिच्या मानाने बसली होती. एक पाय सारखा हलत होता आणि हाताने लाकडाचा भुसा उडवणं चालू होतं. वर्गात, घरात, पाहुण्यांत, सगळीकडे तिला एकच मंत्र ऐकायला मिळे: जरा स्वस्थ बस! तो मंत्र कधीही न म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि टेबलही नेमकं त्याचंच निघालं होतं.

आजोबा फर्मे करायचे. बूट ज्याच्यावर ताणून शिवतात ते लाकडी पाऊल म्हणजे फर्मा. एकही बाजू सरळ नाही, एकही गोलाई दुसरीसारखी नाही. पन्नास वर्षं पटाशी आणि कानस चालवून आजोबांनी हजारो पावलं घडवली होती. काकांना मात्र घाई होती. त्यांनी चार महिने खपून एक कॉपी लेथ उभा केला होता. मुलांनी त्याचं नाव नकल्या ठेवलं, कारण तो काम तेच करायचा. एकीकडे आजोबांचा नमुना फिरायचा, शेजारी कोरा ठोकळा. नमुन्यावरून एक गुळगुळीत चाक खालीवर होत जायचं आणि त्याच दांड्यावर बसवलेलं दातेरी चाक ठोकळा तसतसा कापायचं.

आणि पहिलेच फर्मे बूटवाल्या बाईंनी परत पाठवले! त्यांवरचे बूट पायात खुळखुळा वाजल्यासारखे सैल होत होते. काकांनी लेथकडे बघितलं नाही, नमुन्याकडे बघितलं. आपल्या बाबांचा हात आता पूर्वीसारखा चालत नाही, असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले. आजोबांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले, पटाशी खणात ठेवली आणि घरी निघून गेले. त्याला तीन दिवस झाले होते. शनिवारी बाई पुन्हा येणार होत्या, आणि टेबलाच्या जागी विकतच्या नमुन्यांचं कपाट येणार होतं.

भिंगरीला रात्री झोप येईना आणि दिवसा जेवण जाईना. बुधवारी सकाळीच तिने आपली फौज गोळा केली. फौज म्हणजे शेजारचा शंकासुर, ज्याला सूर्य पूर्वेलाच कशावरून उगवतो असा प्रश्न पडे, आणि त्याची सहा वर्षांची बहीण शेपूट. ही दोघं जिथे जातील तिथे ती जायची, म्हणून शेपूट.

"आजोबांची चूक नाहीच कशावरून?" शंकासुराने सुरुवात केली.

"मोजू या आणि बघू या," भिंगरी म्हणाली. मनातून मात्र तिला धाकधूक वाटत होती. खरंच आजोबांची चूक निघाली तर?

काका नीटनेटके. रोज केलेला एक फर्मा ते तारीख घालून फळीवर ठेवायचे. यंत्राला हात लावायची मुलांना सक्त बंदी होती, पण फळीला कुणी बंदी केली नव्हती. भिंगरीने कागदाची पट्टी नमुन्याच्या पोटाभोवती गुंडाळली आणि पेन्सिलीने खूण केली. मग तीच पट्टी पहिल्या दिवसाच्या फर्म्याला लावली. खुणेला खूण! केसाचाही फरक नाही. दुसऱ्या दिवसाचा फर्मा दोऱ्याएवढा मोठा निघाला. तिसरा त्याहून मोठा. सहावा, म्हणजे बाईंकडे गेलेल्यांच्या जोडीचा, तर चांगला करंगळीच्या जाडीने जास्त भरला.

"लाकूड फुगलं असेल," शंकासुर म्हणाला.

"मग जुनं जास्त फुगेल ना? इथे ताजं ताजं लठ्ठ आहे!"

शंकासुराला पहिल्यांदाच शंका सुचेना. नमुना तोच, लाकूड तेच, माणूस तोच. मग रोज बदलत होतं तरी काय? ते कळायला एकच मार्ग होता: दिवसभर दाराजवळच्या बाकावर बसून नुसतं बघत राहायचं. भिंगरीला दरदरून घाम फुटला. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि बसली. पायाला मुंग्या आल्या, नाकाला खाज आली, बाहेर मुलांचा खेळ रंगला, तरी बसली. चहा द्यायला आलेल्या काकूने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

संध्याकाळ झाली. काकांनी लेथ बंद केला, दातेरी चाक काढलं आणि कोपऱ्यातल्या धारेच्या यंत्रावर धरलं. ठिणग्या उडाल्या. वर भिंतीवर आजोबांच्या अक्षरात नियम लिहिला होता: ‘धार लावल्याशिवाय घरी जायचं नाही.’ काकांनी तो नियम एक दिवसही चुकवला नव्हता.

"ताई," शेपूट कुरकुरली, "तुझे पाय खाली टेकतात, माझे का नाही पोचत?"

भिंगरीने तिच्या लोंबणाऱ्या पायांकडे बघितलं. मग लेथच्या दांड्याकडे. एकाच बाकावर दोघी, एकीचे पाय टेकतात, दुसरीचे पोचत नाहीत. ती ताडकन उठली.

"पोचत नाही! ते दातेरी चाक रोज घासून लहान होतंय. शेजारचं गुळगुळीत आहे तेवढंच आहे. म्हणून हे लाकडात पुरतं पोचत नाही आणि लाकूड शिल्लक राहतं!"

"कशावरून?" शंकासुर म्हणाला. पण या वेळी त्याचे डोळे चमकत होते.

काकांना सांगून उपयोग नव्हता. मोठी माणसं मुलांचं ऐकतात ते फक्त मार्क विचारताना. म्हणून गुरुवारी काका दातेरी चाक घेऊन कोपऱ्यात गेले, तेव्हा धारेच्या यंत्राचा पट्टा गायब होता! काकांनी कारखाना पालथा घातला, काकूला विचारलं, उंदरांना शिव्या दिल्या. शुक्रवारी चाक बिनधारेचंच चाललं.

शनिवारी बाई आल्या. भिंगरीने आजोबांना हाताला धरून जवळजवळ ओढतच आणलं होतं. आजोबा फुली मारलेल्या टेबलाकडे बघायचं टाळत दाराशीच उभे राहिले. काका काही बोलायच्या आत तिने कागदाची पट्टी काढली आणि एकेक फर्मा मोजून दाखवला. पहिला नमुन्यासारखा. मग रोज वाढत गेलेले. आणि गुरुवार-शुक्रवारचे दोन, अगदी सारखे.

"हे दोन सारखे कसे?" बाईंनी विचारलं.

"मध्ये धार लागली नाही म्हणून," शंकासुर म्हणाला.

"पट्टा सुटतोय, मी आता सोडू का?" शेपटीने विचारलं आणि फ्रॉक वर केला. पट्टा तिच्या कमरेला दोन वेढे घालून बसला होता.

काकांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी दोरा घेऊन दोन्ही चाकं मोजली. दातेरी चाकाला दोरा कमी लागला. त्यांच्या पेटीत गुळगुळीत चाकाच्याच मापाचं नवंकोरं दातेरी चाक होतं. ते बसवून त्यांनी एक ठोकळा लावला. फर्मा तयार झाला तेव्हा पट्टी कुणी मागितलीच नाही. आजोबांनी तो हातात घेतला, डोळे मिटले आणि टाचेपासून बोटांपर्यंत अंगठा फिरवला.

"माझाच आहे," ते म्हणाले.

काकांनी आपल्या बाहीने टेबलावरची फुली पुसली. "चुकलो, बाबा."

"अर्धी चूक माझी," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले. "नियम मीच शिकवला. पटाशीला धार लावली तर पटाशी झिजते, फर्म्याला काही होत नाही. या यंत्राचं तसं नाही, हे मला कुठे ठाऊक होतं?" त्यांनी खडू घेतला आणि नियमाखाली एक ओळ वाढवली: ‘आणि धार लावल्यावर दोन्ही चाकं मोजल्याशिवाय फर्मा कापायचा नाही.’

बाईंनी फर्म्यांची मागणी पक्की केली आणि अशी हुशार तपासनीस आपल्याकडेही हवी, असं म्हणाल्या. आजोबांनी खणातून पटाशी काढली आणि भिंगरीला विचारलं, "पण तुला हे दिसलं कसं?"

"दिवसभर बाकावर बसून बघत होते."

"दिवसभर? तू? एका जागी?" आजोबांनी पटाशी खाली ठेवली. "माझ्यासाठी?"

भिंगरीने मान हलवली. आजोबांनी तिला जवळ घेतलं आणि लगेच दाराकडे ढकललं.

"जा, पळ आता. पुरे झालं बसणं."