शेपटीवाली गॅलेक्सी

ई-रिक्षा स्टेशनसमोरच्या खड्ड्यात आदळली आणि माझा उघडा लॅपटॉप थेट शेजारच्या पोट्ट्याच्या मांडीवर!

त्यानं तो झेलला, मग स्क्रीनकडे बघतच राहिला. "हा… गॅलेक्सीभोवतीचा तापलेला वायू ना? एक्स-रेमधला?"

मी उडालेच. आमच्या गुढियारी वस्तीच्या रिक्षात हे ओळखणारं माणूस! आमचे बाबा तर सगळ्यांना सांगतात, 'चेतना गॅसमध्ये आहे,' आणि शेजारच्या लताकाकू मला सिलिंडरचा नंबर लावायला सांगतात.

"तुम्हीही उद्या विद्यापीठातल्या परिषदेला?" त्यानं विचारलं.

"हव."

"काय हवं?"

मला हसूच आवरेना. "अहो, हव म्हणजे हो! पुण्याचे दिसता."

पुण्याचाच होता. नाव स्वानंद, गालाला खळी. बघायचं नव्हतं… पण बघितली.

"वायू एका बाजूला एवढा लांब कसा?"

"तेच तर! गोल पाहिजे होता, अन् याले शेपटी! माझे गाइड सर म्हणतात यंत्राचा दोष आहे, उद्याच्या भाषणातून काढून टाक. पण मले वाटते, गॅलेक्सी धावून राहिली अन् वायू मागे सुटून राहिला. माझी सारी पीएचडी त्या शेपटीत आहे हो…"

"दुर्बीण फिरवून घेतलेलं दुसरं चित्र आहे?"

"आहे, पण लई पुसट."

"मला द्या. दोष यंत्राचा असेल तर शेपटीही यंत्राबरोबर फिरेल. खरी असेल तर… हलणार नाही."

मी पेनड्राइव्ह दिला. "पण तुम्ही काहून एवढा त्रास घेता?"

"शेपटी आवडली," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी माझं नाव पुकारलं तरी स्वानंदचा पत्ता नाही. मी मंचावर चढतेय तोच दार धाडकन उघडलं. घामाघूम स्वानंद, हातात पेनड्राइव्ह.

"हलली नाही! शेपटी तिथंच आहे!"

सगळं सभागृह हसलं. मी त्याचं चित्र पडद्यावर लावलं. सर पडद्याजवळ गेले, चष्मा नीट करून म्हणाले, "अरे चेतना, ये तो सच में है!" मी नाचायचीच बाकी राहिले.

संध्याकाळी आम्ही बूढा तालाबाच्या काठी गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, खात होतो. पाणी झणझणीत, तो हाशहुश करत होता आणि तासाभरात त्याची गाडी होती.

"मी पुढे जाईन, पण बराचसा… मागेच राहीन. तुझ्या त्या वायूसारखा." प्रथमच 'तुझ्या' म्हणाला. "चेतना, माझी आठवण येईल?"

"हव."

त्याच्या गालाला खळी पडली. आता त्याला अर्थ माहीत होता, तरी मुद्दाम विचारलं, "काय हवं?"

तोंडातला गुपचुप मी कसाबसा गिळला.

"तू."