तळणीचा आवाज

चिकनच्या दुकानात प्रेम जमतं असं कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यातच काढलं असतं. तिथे कोण कुणाकडे बघणार? ओली फरशी, काचेमागे बर्फावर मांडलेले तुकडे आणि जो तो आपला नंबर कधी येतो या घाईत. पण त्या शनिवारी तिचा नंबर आला तेव्हा तंगड्या संपल्या होत्या. तिच्या पुढच्या माणसाने होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या उचलल्या होत्या.

"जाऊ दे, छातीचे तुकडे द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "तळायचेच तर आहेत."

पुढचा माणूस गर्रकन वळला. उंच, उन्हाने रापलेला, आणि चेहरा असा, जणू कुणी त्याच्या घरच्यांची निंदा केली होती.

"छातीचे? तळायला? अहो, चप्पल होईल त्याची!"

"होऊ दे. माझी चप्पल, मी खाईन."

"खा की... पण मग चिकनच्या नावाने बोटं मोडू नका." एवढं बोलून त्याने आपल्या पिशवीतल्या निम्म्या तंगड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. "रात्रभर ताकात भिजवा. मीठ-मिरपूड तेव्हाच. आणि घोळवायच्या आधी पिठात चमचाभर ताक शिंपडा. गुठळ्या व्हायला हव्यात. त्या गुठळ्याच तर कुरकुरतात."

"हे सगळं कुणी शिकवलं?"

"अमेरिकेतल्या एका म्हातारीने. तिकडे दक्षिणेला, बंदरावर. मी जहाजावर कुक आहे." तो हसला. तिच्याकडे टक लावून बघत हसला. समोरच्याच्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन ऐकणारा पुरुष तिने आजवर पाहिला नव्हता. आणि इथेच ती फसली, बिचारी.

दुसऱ्या दिवशी मावशीने दोन तंगड्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि विचारलं, "कोण होता गं तो?" चिकनबद्दल एक अक्षर नाही. मावशीने तिला लहानाची मोठी केली होती, तिला काय सांगायचं नि काय लपवायचं!

ती कान तपासायची. तपासणी केंद्रात काचेची खिडकी असलेली एक लहानशी खोली होती. आत भिंतींना जाड गादी, दार लावलं की बाहेरचं जग बंद. माणसाने आत खुर्चीत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे. बाहेर बसून ती यंत्रावर बटण दाबणार, बारीक-मोठे सूर सोडणार. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. सोपं काम. त्यात एकच पथ्य होतं — खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची. तपासणाऱ्याचा हात माणसाला दिसता कामा नये.

पुढच्याच आठवड्यात जहाजावर चढायच्या आधीच्या तपासणीचा कागद घेऊन दारात उभा कोण? तर तंगडीवाला!

"तुम्ही?" दोघं एकदमच म्हणाले.

आत गेल्यावर त्याने खुर्ची सरळ तिच्याकडे वळवली. "भिंतीशी काय बोलू मी?" तो म्हणाला. "बघण्यासारखं काही इकडे आहे..."

ती लाजली. खुर्ची तशीच राहू दिली. एवढी वर्षं पाळलेलं पथ्य तिने एका गोड वाक्यावर सोडून दिलं. मग सूर सुटत गेले, बोट वर होत गेलं, आणि दर वेळी तिची मान वर झाली की तो तिच्याकडेच बघत होता... दोन्ही कान उत्तम. तिने सही केली.

"पास?" त्याने विचारलं.

"पास. आता कुठे जायचं तिकडे जा."

"जहाज यायला अवकाश आहे अजून. रविवारी काय करतेस?" पहिल्या भेटीत अहो-जाहो, दुसऱ्या भेटीत अरे-तुरे. जहाजी माणसाला सगळ्याचीच घाई!

मग रविवारमागून रविवार त्याच्या स्वयंपाकघरात जाऊ लागले. घर लहान, खिडकीला निळा पडदा, छताला धुराची घंटा, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेली त्याची आई. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गाऱ्हाणं सांगायची. "हा घरी आला की टीव्ही असा लावतो, पोरी, की शेजाऱ्यांना बातम्या विकत घ्याव्या लागत नाहीत."

"जहाजावर इंजिनाजवळ झोपायची सवय, आई," तो हसत म्हणायचा. आणि तीही हसायची. कान तपासणारी बाई, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो.

त्याने तिला बंदराबंदरांवरचं चिकन शिकवलं. जपानी पद्धतीत तुकडे लहान, हाडाविना. आलं, लसूण नि सोया सॉसमध्ये थोडा वेळ ठेवून बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवायचे. तैवानच्या पद्धतीत रताळ्याचं भरड पीठ. त्याचे दाणे तळल्यावर फुलतात, वर तुळशीच्या भावकीतली पानं तडतडवून टाकायची. कोरियन पद्धतीत कवच कागदासारखं पातळ, आणि तळायचं दोनदा.

"दोनदा कशाला? गॅस फुकट आहे का?"

"पहिल्यांदा मांस शिजतं. मग बाहेर काढून थांबायचं. आतलं पाणी कवचात येतं, ते दुसऱ्या तळणात पळवून लावायचं. एकदाच तळलंस तर खाईपर्यंत मऊ पडतं."

"माणसांचंही असंच असतं का रे?"

"माणसं पहिल्याच तळणात करपतात," तो म्हणाला, आणि तिच्या नाकावरचं पीठ त्याने बोटाने पुसलं... पुसताना आणखी लावलं.

तळणीवर मात्र तो तिलाच उभं करायचा. स्वतः समोर. "घड्याळ बघायचं नाही. रंगही नाही, स्टार्च शेवटपर्यंत फिकटच राहतं. ऐकायचं. पाणी असतं तोवर तेल खळखळतं. पाणी सरलं की आवाज बारीक होतो. झाला बारीक की सांग मला."

ती कान देऊन ऐकायची. आवाज पातळ होत होत अगदी रेशमासारखा झाला की तिचा चेहरा खुलायचा, आणि तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणायचा, "काढ!" दर वेळी अचूक. तिला वाटायचं, काय जुळलंय आमचं! बोलावंही लागत नाही.

अशाच एका रविवारी, हात पिठाने माखलेले असताना त्याने विचारलं, "या फेरीनंतर लग्न करूया?"

"पिठाच्या हातांनी विचारतोस?"

"धुवून येतो... तोवर विचार कर."

तिने विचार वगैरे काही केला नाही. तो नळापाशी होता तोवरच ती मागून "हो" म्हणून गेली. तो हात पुसत आला आणि म्हणाला, "मग? काय ठरलं?" तिने पुन्हा समोरून सांगितलं, तेव्हा तो आनंदाने आईला सांगायला पळाला. नळाचा आवाज होता, असं तिने स्वतःला समजावलं. समजावून घ्यायचं ठरवलं की माणूस काय वाटेल ते समजावून घेतं.

जहाज बंदराला लागायच्या आधीचा रविवार होता. तेल जरा जास्तच तापलं. ती दाराशी त्याच्या आईच्या केसांना तेल लावत बसली होती; तो ओट्याशी, दोघींकडे पाठ करून, तुकडे पिठात घोळवत होता. कढईतून धूर निघाला, वर गेला, आणि छताची घंटा किंचाळायला लागली. म्हातारीने कानांवर हात दाबून धरले. शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी आपटून बंद केली.

तो तुकडे घोळवत राहिला. गुणगुणत होता.

घंटा त्याच्या डोक्यावर होती. हात वर केला असता तर लागली असती.

ती उठली. धावत नाही, हळूहळू गेली, कारण तिच्यातल्या तपासनिसाला आता सगळं समजलं होतं आणि प्रेमात पडलेल्या दुसरीला काहीच समजून घ्यायचं नव्हतं. तिने त्याच्या पाठीमागे उभं राहून त्याला हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग गॅस बंद केला. तो दचकून वळला, वर पाहिलं, धूर पाहिला, आणि मग तिचा चेहरा पाहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने खिडकी उघडली, धूर बाहेर गेला आणि घंटा थांबली. आई आत निघून गेली.

"मागच्या फेरीत सुरू झालं," तो म्हणाला. "बारीक आवाज आधी गेले. तळणीचा गेला. समोर बघून बोललं की कळतं मला, सगळं कळतं..."

"आणि माझ्याकडे? तपासणीत?"

"तू बटण दाबलंस की मान वर करायचीस. दर वेळी."

"म्हणजे तू बटणासाठी माझ्याकडे बघत होतास."

"बटणासाठीही," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो खोटं बोलला नाही. "आधी फक्त बटणासाठी. मग... मग बटण संपलं तरी बघत राहिलो. नंतरचं सगळं खरं आहे गं."

"आणि तळणीवर मला उभं करायचास, ते?"

तो खाली बघू लागला.

ती ओट्याला टेकली. तिला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. "जहाजावर आग लागली तर घंटा हीच वाजणार. तू झोपेत असशील."

"मित्र उठवतील."

"धुरात? प्रत्येकजण आपला जीव बघेल की तुझा? आणि तू भटारखान्यात असशील, उकळत्या तेलापाशी, इतरांचे जीव तुझ्यावर असतील. मी सही केलीय रे त्यावर. मला ती परत घ्यावी लागेल."

"सरळ सांग ना," तो एकदम चिडला. "मी जायला नको आहे तुला. घरात बसवून ठेवायचंय मला."

हे अगदीच खोटं नव्हतं. कारण घंटा वाजत असताना, त्या सगळ्या भीतीत, तिच्या मनाच्या कोपऱ्यात एक विचार चमकून गेला होता, की आता हा कुठेच जाणार नाही. क्षणभर ती खूश झाली होती. हे ती त्याला कसं सांगणार होती? आणि न सांगता त्याच्याशी संसार तरी कसा करणार होती?

"यंत्र आहे ना तुझ्याकडे," अखेर तो म्हणाला, जरा नरमून. "घंटा किंचाळते, तिचं काय. तुझ्या खोलीत शांतता असते. तिथे मला नक्की ऐकू येईल. पुन्हा घे तपासणी. पास झालो तर लग्न करून जहाजावर चढतो. नापास झालो तर..." तर पुढे काय, हे त्याने सांगितलं नाही. लहानपणापासून त्याला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं आणि दुसऱ्या कशाचं स्वप्नही पडलं नव्हतं.

सोमवारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. जणू मुलगी बघायला आला होता. तिने या वेळी खुर्ची स्वतः भिंतीकडे वळवली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बसला. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. चढवताना बोटं त्याच्या केसांत जराशी रेंगाळली. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"आधी उजवा," तिने माइकमधून मोठ्याने सांगितलं. "मग डावा."

त्याने मान डोलावली.

उजव्या कानाला जाड सूर सोडले. बोट वर आलं. जरा बारीक केले. थांबून, चाचरत, आलं. आणखी बारीक केले... आलं नाही. तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला. बोट मांडीवरच राहिलं. काचेतून फक्त त्याची मान दिसत होती, मानेवरची ताजी कापलेली केसांची रेघ. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि आपण काय ऐकत नाही हेही त्याला कळत नव्हतं. तिला वाटलं, काचेवर टकटक करावी. मान एकदा वर करावी. कुणाला कळणार होतं? तिने ओठ दाताखाली धरला आणि पुढचं बटण दाबलं.

मग डावा कान. जाड सूर. मधले. बारीक. आवाज हळू, मग मोठा, मग यंत्राच्या शेवटच्या टोकापर्यंत मोठा. एकेक बटण तिने दाबलं, एकही वगळलं नाही. डोळ्यांतलं पाणी हातावर पडत होतं आणि हात काम करत होते. त्याचं बोट एकदाही हललं नाही. तो ताठ, शहाण्या मुलासारखा बसून होता.

शेवटचं बटण दाबून झालं. तिने डोळे पुसले, दार उघडलं आणि आत गेली.

दार उघडल्याचं त्याला वाऱ्यावरून कळलं असावं. त्याने खुर्चीत अर्धवट वळून पाहिलं. चेहऱ्यावर घाम होता, पण हसू होतं, खूप आशेचं.

"काय झालं? थांबलीस का? मी तयार आहे," तो म्हणाला. "डाव्या कानाचं सुरू कर ना."

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून तिने तोंडावर आलेले केस मागे सारले.

"झालं रे," ती म्हणाली.